लेखक गेल्यावर साठ वर्षं : कॉपीराइट जरा जास्तच होतोय का?

(हा भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकू आला असेल, तर इथे वाचा. बोलताना इकडेतिकडे गेलेली गाडी थोडी रुळावर आणली आहे, बाकी मजकूर तोच.)



आज सुरुवातीलाच एक तारीख देतो. १ जानेवारी २०३०. फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे, या दोघांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लिखाण कॉपीराइटमधून मोकळं होणार आहे. ‘फकिरा’चं ऑडिओबुक करा, अत्र्यांचं नाटक पॉडकास्टवर करा, एखाद्या कथेवर कॉमिक काढा. कुणाची परवानगी लागणार नाही, कुणाला पैसे द्यावे लागणार नाहीत.

दोघंही १९६९ साली गेले. अत्रे जूनमध्ये, अण्णा भाऊ जुलैमध्ये. म्हणजे माणूस जाऊन साठ वर्षं झाल्यावर त्याचं लिखाण सगळ्यांचं होणार. आज जे विशीत आहेत त्यांचे आजी-आजोबा तेव्हा विशीत होते, असा हिशेब आहे हा.

तर आजचा प्रश्न असा: लेखकाचं, संगीतकाराचं, कलाकाराचं संरक्षण करायलाच हवं, पण कायदा ते करता करता फार पुढे गेलाय का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबवून ठेवलं असं नको वाटायला. कॉपीराइट हवाच. पण आज त्याची मुदत गरजेपेक्षा मोठी आहे. आणि तिचा खरा फटका गाजलेल्या पुस्तकांना बसत नाही. तो बसतो विसरल्या गेलेल्या पुस्तकांना. मराठीत अशी पुस्तकं ढिगानं आहेत.

आता सावकाश बघू.

मुळात सौदा काय आहे?

कॉपीराइटला मराठीत स्वामित्वहक्क म्हणतात, काही जण प्रताधिकार म्हणतात. आपण आपलं कॉपीराइटच म्हणू.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ‘गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, मुलीचा बाप आडवा येतो’ ही गोष्ट कुणाच्याच मालकीची नाही. पण ती तुम्ही ज्या शब्दांत, ज्या चित्रांत, ज्या चालीत मांडली, ती मांडणी तुमची. आणि त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, हे लक्षात ठेवा. काल रात्री फोनच्या नोट्समध्ये चारोळी लिहिलीत? झाला तिच्यावर कॉपीराइट.

किती वर्षांचा? भारताचा कायदा १९५७ चा. त्यात आज असं आहे की लेखक जिवंत असेपर्यंत, आणि तो गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून पुढची साठ वर्षं. म्हणजे तुम्ही आज वीस वर्षांचे आहात आणि ऐंशी वर्षं जगलात (जगा, आमच्या शुभेच्छा!), तर त्या चारोळीला एकशे वीस वर्षं कुलूप. तुम्हाला नको असलं तरी.

यामागचा सौदा साधा आहे. समाज लेखकाला म्हणतो, ‘काही काळ हे फक्त तूच विक. तुला चार पैसे मिळतील, तू आणखी लिहिशील. नंतर ते आमचं, सगळ्यांचं.’ दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतं, म्हणून हा सौदा चालतो. प्रश्न आहे तो त्या ‘काही काळ’ या दोन शब्दांचा.

चौदा वर्षांची साठ कशी झाली?

इंग्लंडमध्ये १७१० साली पहिला कॉपीराइट कायदा लागू झाला, राणी ॲनच्या काळात. त्यात नव्या पुस्तकाला चौदा वर्षं दिली होती. चौदा वर्षांनी लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा. बास. जास्तीत जास्त अठ्ठावीस.

मग १८४१ मध्ये ब्रिटिश संसदेत थॉमस टॅलफर्ड नावाच्या खासदारांनी प्रस्ताव आणला की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट द्या. हो, बरोब्बर साठ. आज आपल्याकडे आहे तेवढाच. त्याला विरोध करायला कोण उभं राहिलं? मेकॉले. आपल्या शाळेच्या इतिहासात १८३५ च्या इंग्रजी शिक्षणाच्या टिपणीवरून ज्यांना अजून बोलणी बसतात, तेच मेकॉले. भारतातून परत जाऊन त्यांना तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. लेखकाला पैसे मिळायला हवेत आणि कॉपीराइट हा त्यातला बरा मार्ग आहे. पण तो मक्तेदारीचाच एक प्रकार आहे. मक्तेदारीनं वस्तू महाग होते. म्हणून चांगल्यासाठी सोसायची ही वाईट गोष्ट गरजेपेक्षा एक दिवसही जास्त टिकता कामा नये. त्यांनी उदाहरण दिलं डॉ. जॉन्सन या मोठ्या लेखकाचं. जॉन्सन जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. साठ वर्षांचा नियम असता तर त्यांच्या पुस्तकांचा हक्क तोवर कुठल्यातरी पुस्तकविक्रेत्याच्या हातात असता. मग मेकॉलेंनी विचारलं की छप्पन्न वर्षांनंतर त्या विक्रेत्याला मिळणाऱ्या पैशांनी जॉन्सनना हयातीत काय दिलासा मिळाला असता? त्यामुळे त्यांनी एक तरी ओळ जास्त लिहिली असती का?

दुसरा मुद्दा आणखी टोकदार होता. हक्क वारसांकडे जातो. आणि वारसाला ते पुस्तक आवडेलच असं नाही. एखाद्या नातवाला आजोबांच्या कादंबऱ्या अनैतिक वाटल्या, तर तो त्या छापूच देणार नाही. मग लोकांचं पुस्तक एका माणसाच्या मर्जीवर अडकून पडेल.

तो प्रस्ताव तेव्हा पडला. १८४२ च्या कायद्यात मुदत ठरली ती प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं, किंवा मृत्यूनंतर सात वर्षं, यातलं जे जास्त असेल ते.

पण मुदत वाढतच गेली. युरोपातल्या देशांनी १८८६ मध्ये बर्न करार केला, आणि पुढे त्यात मृत्यूनंतर पन्नास वर्षं हे माप आलं. ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यानं तेच घेतलं, १९१४ मध्ये ते भारतात आलं, आणि १९५७ च्या आपल्या स्वतःच्या कायद्यानंही पन्नासच ठेवली.

मग साठ कुठून आली?

तीन दिवस उरले असताना

रवींद्रनाथ टागोर गेले ७ ऑगस्ट १९४१ ला. पन्नास वर्षांच्या हिशेबानं त्यांचा कॉपीराइट संपणार होता ३१ डिसेंबर १९९१ ला. हक्क होते त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारतीकडे. मुदत संपत आली तशी ती वाढवून मिळावी ही मागणी जोरात आली. टागोरांचं साहित्य कुणीही कसंही छापेल, बिघडवेल, ही भीती होती.

२८ डिसेंबर १९९१ ला, म्हणजे तीन दिवस उरले असताना, केंद्र सरकारनं अध्यादेश काढला. पन्नासची साठ वर्षं झाली. १९९२ मध्ये संसदेनं त्याचा कायदा केला.

आता गंमत बघा. वाढ झाली मुख्यतः एका लेखकासाठी, पण लागू झाली सगळ्यांना. बंगालीतल्या, तमिळमधल्या, मराठीतल्या, ज्यांचा ज्यांचा कॉपीराइट शिल्लक होता त्या प्रत्येकाला दहा वर्षं जास्त. त्यात नावाजलेले होते आणि ज्यांचं पुस्तक तीस वर्षांत कुणी उघडलं नव्हतं तेही होते.

टागोर शेवटी १ जानेवारी २००२ ला मोकळे झाले. आभाळ कोसळलं नाही. वेगवेगळ्या प्रकाशकांनी त्यांची पुस्तकं काढली, नवे अनुवाद आले. ज्यांना विश्वभारतीचीच आवृत्ती हवी होती, त्यांनी ती घेतली.

आणि मेकॉलेंचा प्रश्न इथेही लागू होतो. १९४१ मध्ये गेलेल्या माणसाला १९९१ मध्ये दहा वर्षं वाढवून दिली. त्यामुळे तो आणखी एक कविता लिहिणार होता का?

आपल्याकडचं वेळापत्रक

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कोणाचं लिखाण आपण चॅनेलवर वाचू शकतो. म्हणून ही यादी. तारीख काढायची रीत सोपी आहे: निधनाचं साल, त्यात एकसष्ट मिळवा, त्या वर्षीची १ जानेवारी.

- साने गुरुजी (निधन १९५०): १ जानेवारी २०११ पासून मोकळे
- बा. सी. मर्ढेकर (१९५६): १ जानेवारी २०१७ पासून मोकळे
- डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९५६): हयातीत प्रसिद्ध झालेलं लिखाण १ जानेवारी २०१७ पासून मोकळं
- अण्णा भाऊ साठे, आचार्य अत्रे (१९६९): १ जानेवारी २०३०
- इरावती कर्वे (१९७०): १ जानेवारी २०३१
- वि. स. खांडेकर (१९७६): १ जानेवारी २०३७
- ग. दि. माडगूळकर (१९७७): १ जानेवारी २०३८
- जी. ए. कुलकर्णी (१९८७): १ जानेवारी २०४८
- कुसुमाग्रज (१९९९): १ जानेवारी २०६०
- पु. ल. देशपांडे (२०००): १ जानेवारी २०६१
- नामदेव ढसाळ (२०१४): १ जानेवारी २०७५

दोन-तीन बारकावे आहेत, तेही ऐकून घ्या.

एक, लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. म्हणून त्या कविता मोकळ्या झाल्या २०१३ मध्ये. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथही त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला, म्हणून तो २०१८ पासून.

दोन, अनुवादाचा कॉपीराइट वेगळा. मूळ पुस्तक मोकळं झालं तरी कुणी परवा केलेला अनुवाद त्या अनुवादकाचा.

तीन, गाणं म्हणजे एक कुलूप नव्हे, निदान तीन कुलपं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ‘गीतरामायण’ घ्या. गदिमांचे शब्द २०३८ मध्ये मोकळे होतील. पण चाली सुधीर फडक्यांच्या, आणि ते गेले २००२ मध्ये. म्हणजे चाल मोकळी होणार २०६३ ला. मध्ये पंचवीस वर्षं तुम्ही शब्द वाचू शकता, नवी चाल लावू शकता, पण ओळखीच्या चालीत गायचं तर परवानगी. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट १९५३ चा, तो २०१४ पासून मोकळा. पण त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि चाली यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आता या यादीकडे जरा दुसऱ्या नजरेनं बघा. १९९१ ची वाढ झाली नसती तर साने गुरुजी २००१ मध्येच मोकळे झाले असते, बाबासाहेब २००७ मध्ये, अण्णा भाऊ २०२० मध्ये. त्या प्रत्येक दहा वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडली.

खरी अडचण यादीत नसलेल्यांची

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? पु.लं.ची पुस्तकं दुकानात मिळतात, पैसे देऊन घ्यायची. बरोबर आहे. ज्यांची पुस्तकं खपतात, त्यांच्या वाचकांचं फारसं अडत नाही. प्रकाशक नव्या आवृत्त्या काढतात, ॲपवर ऑडिओ येतात.

अडतं ते यादीत नसलेल्यांचं.

समजा एक लेखिका होत्या. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशी घरं तुम्हाला गावोगाव सापडतील. १९५० च्या दशकात त्यांनी दोन कथासंग्रह काढले. हजारेक प्रती छापल्या, आठ-दहा वर्षांत संपल्या. प्रकाशनसंस्था बंद पडली. बाई १९७२ मध्ये गेल्या. त्यांची पुस्तकं आज कुठे आहेत? एखाद्या जिल्हा वाचनालयात, मागच्या कपाटात, पानांचे तुकडे पडायला लागलेत. कुणी विकत नाही, कुणी छापत नाही, कुणाला त्यातून एक रुपया मिळत नाही. आणि तरीही ती २०३३ पर्यंत बंद.

आता एखाद्या मुलीला त्यातली कथा फार आवडली आणि तिला ती पॉडकास्टवर वाचायची आहे. परवानगी कुणाची घ्यायची? कॉपीराइट ही मालमत्ता आहे. शेतजमिनीसारखी ती वारसांत वाटली जाते. लेखिकेला तीन मुलं, त्यांची आठ मुलं. एक नातू लातूरला, एक नात कॅनडात, एकाचा पत्ताच नाही. सहमालक असले की सगळ्यांची संमती लागते. सातबाऱ्यावर निदान नावं तरी असतात! पुस्तकाचा असा कुठला उतारा निघत नाही, कारण नोंदणी सक्तीची नाही.

असं पुस्तक ‘अनाथ’ म्हणून ओळखलं जातं. लिखाण आहे, मालक आहे, पण मालक सापडत नाही.

कायद्यात यावर सोय आहे का? आहे. कलम ३१-क म्हणून आहे. मालक सापडत नसेल तर तुम्ही परवान्यासाठी अर्ज करू शकता. पण अर्जाआधी काय करावं लागतं? देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. हो, इंग्रजी. मराठी कथा मराठीत वाचायची, मालक असलाच तर मराठी बोलणारा, बहुधा महाराष्ट्रातच, आणि त्याला शोधायला जाहिरात इंग्रजीत. अनुवाद करायचा असेल तर त्या भाषेतल्या दैनिकातही द्यायची. त्यानंतर अर्ज, सुनावणी, ठरेल ती रॉयल्टी भरणं. वीस मिनिटांच्या एका भागासाठी हे कोण करणार? फोनवर रेकॉर्ड करणारी ती मुलगी तर नक्कीच नाही. ती गप्प बसते. कथाही गप्प बसते.

मला कॉपीराइट ‘जास्त’ वाटतो तो इथे. तो इथे कुणाचं पोट भरत नाही. फक्त आवाज बंद करतो. आणि २०३३ साल उजाडेल तेव्हा त्या कपाटातलं पुस्तक वाचण्यासारखं राहिलेलं असेल का, हाही प्रश्न आहेच.

स्टेजवर चालतं, फोनवर अडतं

कायदा अगदीच कोरडा आहे असं नाही. कलम ५२ मध्ये सवलतींची मोठी यादी आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, बातमीसाठी रास्त प्रमाणात वापर चालतो. प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचता येतो. आणि सोसायटीच्या गणपतीत हौशी मंडळानं तिकीट न लावता नाटक केलं, तर तेही चालतं.

विद्यार्थ्यांना जवळचं वाटेल असं उदाहरण दिल्लीचं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात एक झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी खटला भरला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला. न्यायालयाच्या मते कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही. तो ज्ञान वाढावं म्हणून कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि शिकवण्यासाठी लागेल तेवढी प्रत काढणं त्या हेतूत बसतं. त्याच वर्षी खंडपीठानंही शिक्षणासाठीची ही सवलत मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

दुसरी अभिमानाची गोष्ट. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या लोकांसाठी पुस्तकं ब्रेलमध्ये, ऑडिओत आणता यावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या कायद्यात ही सवलत २०१२ लाच आली होती. म्हणजे नफा न घेता आणि फक्त अशा वाचकांसाठी तुम्ही आजचं पुस्तकही वाचून देऊ शकता. ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.

मग अडतं कुठे? सवलती कागदावर आहेत, आणि आपण फोनवर राहतो. गणपतीतलं नाटक फुकट केलंत, चाललं. तेच शूट करून यूट्यूबवर टाकलंत की गोष्ट वेगळी. तिथे आधी यंत्र बघतं. ते फक्त जुळवाजुळव करतं, हा आवाज त्या आवाजासारखा आहे का एवढंच. तुम्ही समीक्षा करताय की चोरी, हे त्याला कळत नाही. नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक लागले की चॅनेल बंद होऊ शकतं. हरकत घेता येते, पण किती जण घेतात? वकिलाचं नाव ऐकलं की आपण व्हिडिओ काढून टाकतो.

आणि भीती वाटावी असं कलमही आहे. जाणूनबुजून केलेल्या कॉपीराइटभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन आपोआप मिळत नाही. हजारो बनावट प्रती छापणाऱ्याला हे ठीक आहे. विसरलेली कथा वाचणाऱ्या मुलीलाही तेच कलम?

थांबा, दुसरी बाजूही ऐका

आता कुणी म्हणेल, ‘मग सगळं फुकटच करा ना!’ नाही. अजिबात नाही.

नवं मराठी पुस्तक बाजारात आलं की आठवड्याभरात त्याची पीडीएफ ग्रुपवर फिरते. ज्या लेखकानं तीन वर्षं घालवली, त्याच्या हातात काय येतं? कवितांची तर कथाच वेगळी. कवीचं नाव गाळून कविता फॉरवर्ड होते, आणि फारच बरी असेल तर खाली ‘पु. ल. देशपांडे’ असं लिहून येते. ती लिहिणारी बाई कुठेतरी बसून स्वतःचीच कविता दुसऱ्याच्या नावानं वाचत असते.

आणि सिनेमाच्या गाण्यांचा इतिहास बघा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सिनेमासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. गीतकार-संगीतकारांना एकदा ठरलेली रक्कम मिळाली की संपलं. गाणं पुढे चाळीस वर्षं वाजलं तरी. २०१२ मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी जोरदार बोलले होते. आता सिनेमाबाहेर, म्हणजे रेडिओवर वगैरे, गाणं वाजलं तर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळायलाच हवा. तो हक्क करारात सोडून द्यायला लावला तरी ते चालत नाही.

हे मला कॉपीराइटचं खरं काम वाटतं. जिवंत माणसाला त्याच्या कामाचे पैसे. मोठ्या कंपनीसमोर छोट्या कलाकाराचा हात धरणं. ते काम चालूच राहायला हवं, उलट आणखी नीट व्हायला हवं. आणि मुदत संपली तरी लेखकाचं नाव द्यायचंच. त्यात सवलत मागायची नाही.

लेखक गेल्यावर घरच्यांना काही वर्षं आधार मिळावा, हेही पटतं. नवरा अचानक गेला, मुलं लहान आहेत, तर पुस्तकाची रॉयल्टी त्यांना मिळावी. पण ती लहान मुलं साठ वर्षांनी कितीची असतील? त्यांची स्वतःची नातवंडं शाळेत जात असतील.

मग काय बदलता येईल?

आंतरराष्ट्रीय करारांमुळे भारताला पन्नास वर्षांच्या खाली जाता येत नाही. युरोप-अमेरिकेत तर आता सत्तर आहेत. पण वरची दहा वर्षं आपण आपल्या मर्जीनं घातली आहेत. ती यापुढच्या लेखकांसाठी काढता येतील. निदान सत्तर करायची हौस तरी करू नये.

दुसरं, अनाथ पुस्तकांची वाट सोपी करता येईल. ज्या भाषेतलं पुस्तक त्या भाषेत जाहिरात. सरकारच्या एका वेबसाइटवर सूचना, सहा महिने वाट, थोडी ठेव रक्कम, आणि मालक पुढे आला तर ती त्याला. याला कुठला आंतरराष्ट्रीय करार आड येत नाही.

तिसरं, तुरुंगाचं कलम धंदा म्हणून चोरी करणाऱ्यांपुरतं ठेवता येईल. बाकीच्यांना नोटीस आणि नुकसानभरपाई पुरे.

हे सगळं दिल्लीत व्हायचं तेव्हा होईल. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि आजचा भाग खरं तर त्यासाठीच केला.

ते कुलूप कदाचित तुमच्याच घरात आहे. तुमच्या आजीनं, पणजोबांनी, मामांनी काही लिहिलं होतं का? एखादा कवितासंग्रह, गावचा इतिहास, दिवाळी अंकातल्या कथा, नाटक, पाककृतींचं पुस्तक? ते हयात नसतील तर त्याचे मालक तुमचे आई-वडील, काका, आत्या असू शकतात. बहुतेक घरांत हे कुणाला माहीतच नसतं. प्रकाशकाकडे सगळे हक्क गेले असतील असं धरून चालतात. पण करार आधी बघा. १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षंच धरली जाते.

लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर काम फारच सोपं. त्यांना विचारा. कायद्याच्या कलम २१ नुसार लेखक स्वतः आपला हक्क जाहीर सूचना देऊन सोडू शकतो. सगळा सोडायचा नसेल तर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना देता येतो: ‘वाचा, ऐका, वाटा, फक्त माझं नाव द्या.’ आणि व्यक्ती गेली असेल, तर दिवाळीला सगळे एकत्र जमतात ना, तेव्हा एका कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मग ते पुस्तक स्कॅन करून विकिस्रोतावर परवान्यासकट टाकता येतं, त्याचा ऑडिओ करता येतो.

२०३० ची वाट अण्णा भाऊंसाठी आणि अत्र्यांसाठी बघावी लागेल, त्याला इलाज नाही. घरातल्या पुस्तकासाठी मात्र फक्त चार सह्या लागतात. ज्यांच्या त्या सह्या आहेत, ते लोक आज तुम्हाला फोनवर सापडतील. अजून तीस वर्षांनी ते काम तुमच्या मुलांना करायचंय, आणि तेव्हा पत्ते सापडणार नाहीत.

कुणी असं पुस्तक मोकळं केलंत तर आम्हाला नक्की कळवा. त्यातली एक कथा आम्ही इथे वाचू, लेखकाचं नाव पहिल्याच वाक्यात घेऊन.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कविता फॉरवर्ड करताना खालचं नाव पुसू नका!